शेवटचं प्यादं मारायचं नाही

मुलुंड (पूर्व)
१९ जानेवारी १९८७

उत्तरा,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी भांडण.

बारा चालींत बरोबरी? बारा? अगं, तेवढ्यात आमच्या वाचनालयातल्या नानांचा चष्मा पुसूनसुद्धा होत नाही. काल सकाळी पेपर आला, नानांनी मोठ्याने वाचलं, "नववी फेरी, उत्तरा आणि पद्मजा, बारा चालींत बरोबरी." मी म्हटलं, नाना, नीट वाचा, एखादी ओळ सुटली असेल. ओळ सुटली नव्हती.

इथे तुझ्यासाठी काय चाललंय ते ऐक. नानांनी एक मोडका कॅरम बोर्ड पैदा केला, त्याच्या पाठीवर चौसष्ट घरं रंगवली आणि घराघरात खिळा मारला. पुठ्ठ्याचे राजे, वजीर, घोडे मी कापले. भांडुपच्या कंपनीत बाटल्यांना बुचं लावायला जाण्याआधी मी तो बोर्ड वाचनालयाच्या दारात टांगते. नाना पेपरातून चाली वाचतात, मी मोहरे हलवते. मिठागर रोडवरून जाणारी माणसं थांबतात. उंट तिरका चालतो हेही ज्यांना ठाऊक नाही ते विचारतात, "मावशी, आपली पोरगी जिंकली का?" काल त्यांना काय सांगायचं? सगळी फौज जागच्या जागी उभी आणि आपली पोरगी हात मिळवून चहा प्यायला गेली?

नाना म्हणतात, मोठ्या स्पर्धांत असं चालतं. नाना बँकेतून रिटायर झालेत आणि परदेशी बुद्धिबळाचं मासिक मागवतात, म्हणून त्यांना सगळं कळतं. त्यांनीच मला समजावलं की ही तुमची बंगलोरची स्पर्धा झोनल. हिच्यातून एकच बाई इंटरझोनलला जाणार, तिथून पुढे कँडिडेट्स, आणि त्यांतली एकच जगज्जेतीसमोर बसणार. म्हणजे एवढे जिने चढायचे, आणि तू पहिल्याच पायरीवर बसकण मारलीस.

परळच्या खोलीत तुझे आजोबा पाटावर कोळशाने घरं आखून तुला शिकवायचे, आठवतं? आपले नियम देशी, तुमचे इंटरनॅशनल, मान्य. आपल्यात समोरच्याचा राजा एकटा उघडा पाडला की बुर्जी. डाव बरोबरीत, आणि मारणाऱ्याच्या नावाने छी थू. म्हणून माझे बाबा ओरडायचे, "चेडवा, शेवटचा प्यादा मारू नको गो, बुर्जी होतली!" पण बुर्जी व्हायलासुद्धा आधी खेळावं लागतं. न खेळता बरोबरी हा कुठल्या मुलखातला नियम?

ताप होता का? असेल तर लिही, मी शब्द मागे घेईन. नसेल तर घेणार नाही.

रत्नमावशी


बंगलोर
२३ जानेवारी १९८७

प्रिय रत्नमावशी,

नमस्कार. तुझं पत्र हॉटेलच्या काउंटरवर मिळालं आणि तिथेच उभ्या उभ्या वाचलं. काउंटरवरचा माणूस विचारत होता, घरी सगळं ठीक ना?

ताप नव्हता, डोकं दुखत होतं. आठ फेऱ्या सलग खेळल्यावर कधी कधी दुखतं. पद्मजा चांगली खेळते, काळे मोहरे माझे होते, बरोबरी काही वाईट नाही. नानांचं बरोबर आहे, असं चालतं. आमच्या टीमचे मॅनेजर शिवदास साहेबही म्हणाले, शहाणपणा केलास.

दोन फेऱ्या उरल्यात. मी आणि पद्मजा दोघी पुढे आहोत. बोर्ड टांगलास हे ऐकून खूप बरं वाटलं. पण तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस गं. इथून मी थेट नागपूरला जाणार, ऑफिसची रजा संपते. पुढचं पत्र तिकडेच टाक.

तुझी
उत्तरा


मुलुंड (पूर्व)
२८ जानेवारी १९८७

उत्तरा,

डोकं दुखत होतं. बरं. आणि पद्मजाचंही त्याच वेळी दुखायला लागलं का? दोघींना एकच सुंठ उगाळून लावली वाटतं शिवदास साहेबांनी.

मी विसेक वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात काढली, बाय माझे. खात्यावरचा मुकादम, आमचा जॉबर, येऊन गोड आवाजात "शहाणपणा केलास" म्हणाला की समजायचं, आपलं काहीतरी काढून घेतलंय. कुणी शहाणी म्हटलं की मी आजही आधी पिशवी तपासते.

कालच्या पेपरात आलं, तू आणि पद्मजा पहिल्या नंबरावर बरोबरीत. वाचनालयात पेढे वाटले. मी खाल्ला नाही. म्हटलं, जागा एक आणि बाया दोन, आधी कळू दे कोण जाणार. तुझी आई बोरिवलीहून आली होती. सुनंदा म्हणते, "ताई, दोघी पहिल्या आल्या, झकास झालं, आता पोरीच्या लग्नाचं बघू." माझीच धाकटी बहीण, काय बोलणार!

खरं लिही. मी ओरडेन, पण ते तुझ्यासमोर. लोकांसमोर मी तुझ्याच बाजूने ओरडते.

रत्नमावशी


नागपूर
६ फेब्रुवारी १९८७

प्रिय मावशी,

हे पत्र तीनदा फाडलं. आता लिहिते ते शेवटचं.

त्या दिवशी नाश्त्याला शिवदास साहेब माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, तुम्ही दोघी भारताच्या, आपसात मारामारी केलीत तर परदेशी मुली पुढे निघून जातील. अर्धा अर्धा गुण घ्या. शेवटी दोघी बरोबरीत राहिलात तर तुमचा वेगळा सामना लावू, तिथे हवं तेवढं भांडा. पद्मजालाही तेच सांगितलं होतं. मला पटलं, मावशी. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी थोडं हायसंही वाटलं. पद्मजाची मला भीती वाटते.

शेवटच्या फेरीनंतर मी विचारलं, सामना कधी? साहेब म्हणाले, कसला सामना? बरोबरी झाली की कोण कुणाशी जिंकलं याचा हिशेब करतात, त्यात पद्मजा किंचित पुढे आहे. तिचं नाव इंटरझोनलसाठी वर पाठवलंय. मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. ते हसले. म्हणाले, "तू लहान आहेस, पुढच्या वेळी तुझाच नंबर. शहाणपणाने घे."

तू बरोबर ओळखलंस. मला स्वतःचा इतका राग येतोय की ऑफिसात आकडे लिहिताना पेनाचं निब मोडलं. हरले असते तर रडले असते आणि विसरले असते. हे विसरता येत नाही, कारण मी खेळलेच नाही.

पण आता काही होणार नाही. नाव गेलंय. नानांना सांग, बोर्ड काढून ठेवा.

उत्तरा


मुलुंड (पूर्व)
२० फेब्रुवारी १९८७

उत्तरा,

बोर्ड काढलेला नाही. आता काय झालं ते बसून वाच.

शिवदास साहेबांचं ऑफिस अंधेरीला आहे. मी सोमवारी कंपनीत खाडा केला आणि तिकडे गेले. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. म्हटलं, असू देत, मी बसते. बरोबर भिजवून मोड आणलेले वाल होते. बाकावर बसले आणि डाळिंब्या सोलायला लागले. टरफलं त्यांच्याच इंग्रजी पेपरावर.

साहेब जेवायला बाहेर पडले तेव्हा मी होते, जेवून आले तेव्हाही होते. म्हणाले, बाई, तुमचं काय काम? मी म्हटलं, मी उत्तराची मावशी, सामन्याची तारीख घ्यायला आलेय. ते म्हणाले, अशी कुठली तारीख ठरलेली नाही. म्हटलं, मग ठरवा, माझे वाल भरपूर आहेत.

मंगळवारी परत गेले. नानाही आले, चकचकीत बूट घालून, काखेत नियमांचं पुस्तक. बरोबरी झाली तर सामना घेता येतो, असं त्यात आहे म्हणे. नानांनी तो परिच्छेद इंग्रजीत वाचून दाखवला, मी डाळिंब्या सोलत राहिले. येणारे जाणारे विचारत होते, हे काय आहे? मी सगळ्यांना सगळं सांगत होते, न थकता, पहिल्यापासून. त्यांत एक पेपरवालाही निघाला. त्याने विचारलं, "मावशी, किती दिवस बसणार?" मी म्हटलं, "गिरणी संपात आम्ही बसलो ते अजून उठलो नाही, ह्यांच्या बाकाचं काय घेऊन बसलास?"

बुधवारी साहेबांनी स्वतः चहा मागवला. बघू म्हणाले. माणूस "बघू" म्हणाला की अर्धा वाकला.

डाळिंब्यांची उसळ झकास झाली होती. शिपायालाही डबा दिला.

रत्नमावशी


नागपूर
२ मार्च १९८७

मावशी,

तू मला विचारायचं तरी होतंस!

पेपरात आलं, "डाळिंब्या सोलत धरणं". इथे ऑफिसात सगळे विचारतात, ती वालवाली बाई तुझी कोण? पद्मजाचा फोन आला होता. म्हणाली, तुला खेळायचं होतं तर मला सांगायचंस, मावशीला कशाला पाठवलंस? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कुणाला पाठवलं नव्हतं. माझी लढाई तू माझ्या हातातून काढून घेतलीस. शिवदास साहेबांनीही तेच केलं होतं, मावशी.

सामना ठरला आहे. एप्रिलमध्ये हैदराबादला, चार डाव. चारानंतर बरोबरी राहिली तर पद्मजाच जाणार. म्हणजे तिला बरोबरी पुरेल, मला जिंकावंच लागेल.

तू हैदराबादला यायचं नाहीस. वाल नाही, नाना नाहीत, कुणी नाही. मी सामना संपेपर्यंत लिहिणार नाही.

उत्तरा


मुलुंड (पूर्व)
९ मार्च १९८७

उत्तरा,

तुझं पत्र वाचून जेवले नाही. मग राग आला, म्हणून जेवले.

विचारायला हवं होतं, हे खरं. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, हेही खरं. मला शिवदासाच्या रांगेत बसवलंस ते लागलं. त्याने तुला खेळू दिलं नाही, मी खेळायला लावलं, एवढा फरक आहे. पण येणार नाही. शब्द.

चार डाव हातात आहेत. भांडून घे, पण माझ्याशी नको, तिच्याशी.

रत्नमावशी


हैदराबाद
१२ एप्रिल १९८७

प्रिय मावशी,

लिहिणार नव्हते. पण आज बोलायला दुसरं कुणी नाही.

तीन डाव झाले. एक तिने जिंकला, एक मी, एक बरोबरीत सुटला, तोही पाच तास भांडून. तू पाहिला असतास तर पेढा खाल्ला असतास. काल चौथा. वेळ संपली तरी डाव संपला नाही, म्हणून तहकूब झाला. अशा वेळी पुढची चाल पटावर खेळत नाहीत. ती कागदावर लिहून पाकिटात बंद करतात, पंच पाकीट ठेवून घेतो आणि दुसऱ्या बैठकीत सगळ्यांसमोर उघडतो. चाल माझी होती. मी लिहून दिली आहे. पाकीट उद्या उघडणार.

पटावर माझा राजा आणि दोन घोडे. तिचा राजा आणि एकच प्यादं. ते प्यादं माझ्या एका घोड्याच्या अगदी तोंडाशी आहे, कधीही मारता येईल.

इथे सगळे म्हणतात, संपलं, नुसत्या दोन घोड्यांनी मात होत नाही. शिवदास साहेब सकाळी खोलीवर आले. म्हणाले, "पाकीट उघडायचीसुद्धा गरज नाही, आताच बरोबरी मान्य कर. मोठे खेळाडू असले डाव पुढे ओढत नाहीत, हसं होतं." मग म्हणाले, वर्षअखेरच्या भारतीय संघात तुझं नाव नक्की, मी शब्द देतो.

मावशी, मला हसू आलं. त्यांच्यासमोरच आलं. मी म्हटलं, "साहेब, तुमचा बंगलोरचा शब्द अजून माझ्याकडे पडून आहे, आधी तो घेऊन जा. पाकीट उद्या उघडणार आणि मी खेळणार." ते म्हणाले, "मावशीवर गेलीस." मी म्हटलं, "हो."

मार्चमधलं माझं पत्र फाडून टाक. नाही, ठेव, त्यातलं थोडं अजून खरं आहे. पण तू नसतीस तर हा पट माझ्यासमोर नसता, हे त्याहून खरं आहे.

उद्या हरले तर इंटरझोनलची दारं बंद. बरोबरी झाली तरी बंद. मला जायचंय गं मावशी. मला खूप जायचंय.

तुझी
उत्तरा


मुलुंड (पूर्व)
१३ एप्रिल १९८७

उत्तरा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं असेल. तरी लिहिते, नाहीतर रात्रभर भिंतीशी बोलत बसेन.

आजच्या पेपरात पट छापून आलाय. बोर्डावर लावला. दोन घोडे, दोन राजे, एक प्यादं. एवढ्या मोठ्या बोर्डावर एवढेच पुठ्ठे, नुसते खिळेच खिळे दिसतात. नाना म्हणाले, "बरोबरी. वाईट वाटतं, पण शास्त्र आहे. ती आता प्यादं मारेल आणि हात मिळवतील." मी म्हटलं, मारणार नाही. म्हणाले, न मारून करेल काय? मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही, पण माझ्या बापाने शिकवलेली पोरगी शेवटचं प्यादं मारत नाही. बुर्जी होते. नाना कपाळावर हात मारून म्हणाले, "रत्नाबाई, इंटरनॅशनलमध्ये बुर्जी नसते हो!" आमचं इतकं वाजलं की वाचनालयातले लोक बाहेर आले.

नसेना का इंटरनॅशनलमध्ये. ते प्यादं मारू नकोस. मारू नकोस गं बाय.

रत्नमावशी


नागपूर
१८ एप्रिल १९८७

प्रिय रत्नमावशी,

जिंकले. तुला पेपरातून कळलंच असेल, पण माझ्या हाताने लिहायचं होतं. जिंकले!

तुझं पत्र मी हैदराबादहून निघताना मिळालं. तेव्हा पाकीट कधीच उघडून झालं होतं. पंचाने ते फोडलं, चाल वाचली, आणि मी प्यादं मारलं नाही हे बघून मागे कुणीतरी हसलं. साहेबांनी मान हलवली. पद्मजा मात्र हसली नाही. तिने पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खुर्ची पुढे ओढली. तिला कळलं होतं.

नानांना असं समजावून सांग. प्यादं मारलं की तिच्याकडे एकटा राजा उरतो. दोन घोड्यांनी त्याला कोपऱ्यात कोंडलं की त्याला हलायला घर राहत नाही आणि डाव तिथेच बरोबरीत सुटतो. पण प्यादं जिवंत असलं तर तिला ते तरी हलवावंच लागतं, तोवर मला मात करायला वेळ मिळतो. म्हणून मी एका घोड्याने प्यादं अडवून धरलं आणि दुसऱ्या घोड्याने आणि राजाने तिच्या राजाला रेटत कोपऱ्यात नेलं. दुपार गेली त्यात. मग अडवणारा घोडा उचलला. प्यादं सुटलं आणि धावायला लागलं. सगळ्यांना वाटलं मी चुकले. एक चाल चुकली असती तर त्याचा वजीर झाला असता आणि माझी वाट लागली असती. वजीर व्हायला एकच घर उरलं होतं तेव्हा मी मात दिली. घोड्याने.

पद्मजाने हात पुढे केला आणि म्हणाली, "बंगलोरलाच खेळायला हवं होतं आपण." मी म्हटलं, हो. तिचे डोळे भरले होते आणि माझेही.

आता तुला राग येईल असं एक सांगते. हे सगळं पुस्तकात आहे, मावशी. गेल्या वर्षी कॅम्पमध्ये वाचलं होतं. आजोबांच्या बुर्जीचा याच्याशी काही संबंध नाही, नानांचं खरं आहे. लहानपणी स्पर्धांमध्ये मी शेवटचं प्यादं सोडायची आणि मुली हसायच्या, म्हणून ती सवय मी मोडलीही होती. पण त्या दिवशी चाल लिहायला पेन उचललं, वेळ संपत आली होती, प्यादं समोर होतं आणि हात आपोआप थांबला. पुस्तक त्यानंतर आठवलं.

जुलैमध्ये युगोस्लाव्हियाला इंटरझोनल. पासपोर्टसाठी फोटो काढून आले. फार वाईट आलाय, तुझ्यासारखी दिसते.

तुझी
उत्तरा


मुलुंड (पूर्व)
२५ एप्रिल १९८७

उत्तरा,

माझ्यासारखी दिसतेस तर फोटो चांगलाच आला असणार.

नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, बोर्डावरचा तुझा शेवटचा पट बघत उभे राहिले आणि म्हणाले, "रत्नाबाई, तो पट काढू नका, राहू दे." राहू दिलाय. वाऱ्याने प्यादं दोनदा पडलं, दोनदा लावलं. पेढे या वेळी मी आणले आणि पहिला मीच खाल्ला. सुनंदा लग्नाचं बोलली नाही. विचारत होती, युगोस्लाव्हियात थंडी असते का, स्वेटर विणायला घेऊ का. जुलै आहे हे मी तिला सांगितलं नाही, विणू दे.

पुस्तक तर पुस्तक, माझं काही म्हणणं नाही. पण हे वाच आणि मग पुस्तकात कुठे असलं तर मला दाखव.

संपानंतर आमच्याकडे काय राहिलं, तू पाहिलंयस. गिरणी गेली, परळची खोली गेली, आमचे हे गावी जाऊन बसले. बाबा तर त्या धक्क्यातच गेले. मालकांनी एक एक करून सगळे मोहरे उचलले, शेवटचं प्यादंसुद्धा सोडलं नाही. माणसं मला विचारायची, "हरलात ना शेवटी?" पाच वर्षं माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुझा तो पट बघताना मिळालं. अगं, आम्हाला उघडं पाडलं त्यांनी, शेवटच्या प्याद्यापर्यंत. माझ्या बापाच्या नियमाने त्याला जिंकणं म्हणत नाहीत. त्याला बुर्जी म्हणतात, आणि लाज मारणाऱ्याची असते. आम्ही हरलेलो नाही. आता कुणी विचारलं तर हेच सांगणार, वाचनालयाच्या दारात उभी राहून, मोठ्याने.

तू जा. तिकडे मोठमोठ्या बाया असतील, हरवतील तुला, हरवू देत. हरून आलीस तरी बोर्ड टांगलेला असेल. फक्त बारा चालींत उठून येऊ नकोस.

जानेवारीत म्हटलं होतं आशीर्वाद शेवटी लिहीन, ते भांडणात राहूनच गेले. घे, सगळे एकदम घे.

तुझी
रत्नमावशी